उतार

तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा. संस्कृतातल्या ‘तॄ’ धातूचा अर्थ तरणे, पार जाणे; तीर्थ, तरणी, तारू, तारक ही सगळी त्याचीच लेकरे. पात्र उथळ, काठ उतरता आणि पायाला तळ लागणारा, अशा जागी माणसे पाण्यात शिरत आणि पलीकडे जात. घाट बांधले गेले आणि देवळे उभी राहिली ती नंतर. मराठीत अशा जागेला ‘उतार’ म्हणतात. पूर ओसरून नदी पायी ओलांडता येऊ लागली की नदीला उतार मिळाला, आणि नावेतून किंवा गाडीतून जाणारा तो उतारू. त्याच धातूला ‘अव’ हा उपसर्ग लागला की अवतार होतो, म्हणजे खाली येणे. पार जाणे आणि खाली उतरणे या दोन्ही क्रिया एका धातूत नांदतात, ही गोष्ट व्याकरणापुरती नाही. ज्या जागी पोचणेच अवघड ती जागा अधिक पवित्र असते का, हा तीर्थविचारातला जुना प्रश्न या दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे.

आधुनिक जगाने या प्रश्नाला धर्माबाहेर एक उत्तर दिले आहे. अमेरिकेत लेक सुपिरियर या अवाढव्य सरोवरात आइल रॉयल नावाचे बेट आहे. १९४० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे जायला रस्ता नाही, पूल नाही. बोटीने जायचे किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल उद्यान बंदच असते. बेटाचा बहुतेक सगळा भाग कायद्याने ‘अरण्य’ म्हणून राखलेला आहे, आणि ज्या १९६४ च्या कायद्याखाली हे झाले त्याची भूमिका अशी की अशा भूमीत माणूस पाहुणा असावा, त्याने मुक्काम ठोकू नये. हा कायदा वाचताना एखाद्या मठाचे नियम वाचल्यासारखे वाटते. पण बेटाची खरी गोष्ट इतकी सोवळी नाही. त्याच्या मूळच्या शेजाऱ्यांनी, अनिशिनाबे लोकांनी, त्याला मिनाँग हे नाव दिले होते, आणि तिथले तांबे माणसे हजारो वर्षांपूर्वीपासून खणत होती. लांडगे १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. पुढे सरोवर पूर्वीसारखे गोठेना, नवे रक्त येईना, आणि २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये दुसरीकडचे १९ लांडगे विमान-हेलिकॉप्टरने आणून सोडावे लागले. ज्या दुर्गमतेने बेट राखले, तिनेच ते जवळजवळ संपवले होते.

भारतीय कल्पनेतली बेटेही अशीच दुतोंडी आहेत. ‘द्वीप’ म्हणजे दोन्हीकडे पाणी असलेली भूमी. सर्वांत प्रसिद्ध बेट अर्थात लंका, आणि ते रावणाचे. समुद्राने वेढलेले, तटबंदीचे, कुणाला सहज न गाठता येणारे ते घर आहे. ‘दुर्गम’ आणि ‘दुर्ग’ सख्खे भाऊ आहेत हे तिथे बरोबर कळते. पुराणकथांमध्ये अगम्य घरे बहुधा असुर बांधतात आणि देव किंवा देवाचे भक्त ती ओलांडतात. एकाने उडी मारली, दुसऱ्याने सेतू बांधला, परत येताना विमान मिळाले. नाव मात्र कुणाला लागली नाही.

याच्या उलट टोकाला महाभारताच्या शांतिपर्वातले श्वेतद्वीप आहे. क्षीरसागराच्या उत्तरेला असलेल्या त्या बेटावर नारायणाचे दर्शन होते. एकत, द्वित आणि त्रित हे तीन ऋषी दीर्घ तप करून तिथे पोचले. तेजाने त्यांचे डोळे दिपले आणि त्यांना काहीच दिसले नाही. अनन्य भक्ती नसलेल्याला तो देव दिसत नाही, एवढे ऐकून ते परतले. नारद गेला, त्याला दर्शन झाले. ही कथा सगळ्या दुर्गम तीर्थांच्या मुळावर येते, कारण तिच्यात पोचणे आणि पाहणे यांची फारकत केलेली आहे. प्रवास पुरा झाला, ठिकाण आले, आणि यात्रा झालीच नाही.

बौद्ध परंपरेने बेटाचा अर्थ आणखी आत नेला. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातला ‘दीप’ हा पाली शब्द महाराष्ट्रात घरोघरी ‘दिवा’ म्हणून माहीत आहे: स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. पण पालीत ‘दीप’ म्हणजे बेटही होते, आणि जुन्या भाष्यकारांचा कल त्याच अर्थाकडे आहे. पुरात ज्यावर उभे राहता येईल असे बेट स्वतःच व्हायचे. इथे बेटावर जायला नावही नको आणि विमानही नको.

मग जायचेच कशाला? धर्मशास्त्राने हा प्रश्न टाळला नाही. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह ही मनाची तीर्थे आहेत आणि त्यांच्यावाचून पाण्यातले स्नान म्हणजे नुसती अंघोळ, असे स्कंदपुराणातले काशीखंड सांगते. तीर्थाच्या पाण्यातच जन्मून तिथेच मरणारे मासे काही स्वर्गाला जात नाहीत, असा टोमणाही त्यात आहे. तरीही वनपर्वातल्या तीर्थयात्रेच्या प्रकरणात एक सामाजिक कारण दिलेले आहे. यज्ञाला सामग्री लागते, पुरोहित लागतात, धन लागते; तो राजांना परवडतो. गरिबाला तेवढेच, किंबहुना अधिक, फळ देणारी गोष्ट म्हणजे तीर्थयात्रा. म्हणजे तीर्थ मुळात स्वस्ताईचा मार्ग होता, आणि त्याचे मोल पायांनी चुकवायचे होते. मत्स्यपुराण प्रयागाच्या माहात्म्यात म्हणते की ऐश्वर्याच्या तोऱ्यात, लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ. बैलावर बसून जाणाऱ्याला तर थेट नरक. वऱ्हाडातल्या बैलगाडीने देवाला जाणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी हा श्लोक मनावर घेतला नाही हे बरेच झाले. पण त्यातला नेम लक्षात घेण्यासारखा आहे. आक्षेप वाहनावर नाही, तोऱ्यावर आहे. वाट लांब असावी असे पुराण म्हणत नाही. जाणाऱ्याने ती आपल्या अंगावर घ्यावी असे म्हणते.

वऱ्हाडातल्याच बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, बोटीखेरीज पोचता येणार नाही असे बेटही नाही. आहे ते बेटाचे उलटे रूप. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन. लोणार म्हणजे जमिनीच्या कड्याने वेढलेले पाणी. बेसाल्टच्या सपाट पठारावर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे १५० मीटर खोल असे हे विवर आहे. गावातून येणाऱ्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. शेते, घरे, रस्ता, मग किंचित चढ, आणि एकदम पायाखाली हिरवी कढई. पुढे जायचे तर उतरायचे, आणि उतरायचे ते पायी. पायऱ्या संपतात, वाट दगडगोट्यांची होते. वर साग आणि सीताफळ, खाली बाभळीची दाटी. मध्येच माकडांची फौज, कुठे मोराची केका. अर्ध्या वाटेवर गावाचा आवाज तुटतो आणि आकाश कड्यांच्या गोल चौकटीत बसते. तळाशी पोचताच नाकाला खाऱ्या, कुजकट वासाची थाप बसते; काठाच्या चिखलावर पांढरी पापडी धरलेली असते आणि पाय टाकला की ती कुरकुरत मोडते.

पाणी अतिशय अल्कधर्मी आहे. त्यात मासा सहसा जगत नाही, त्यामुळे काशीखंडाचा टोमणा इथे लागू पडत नाही. काठाशी कमळजादेवीचे देऊळ आहे, आणि त्याच्याजवळ सासू-सुनेची विहीर. तिच्यात एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात; कोणती बाजू सासूची यावर मतभेद संभवतात.

हे विवर उल्कापाताने झाले हे १९७३ साली खडकांच्या अभ्यासातून पक्के झाले. प्रचंड आघातानेच तयार होणारी काच तिथल्या दगडांत सापडली. बेसाल्टमध्ये झालेल्या आघाती विवरांत पृथ्वीवर इतके नीट टिकलेले दुसरे नाही. त्याचे वय मात्र पद्धतीप्रमाणे बदलते. एका मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार.

लोककथेत हे विवर लवणासुराचे घर आहे. पठाराखाली बिळासारखी जागा, वर झाकण, आत असुर. तो बाहेर येई, लोकांना छळी आणि पुन्हा आत जाऊन झाकण ओढून घेई. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतले, आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवून दिले. असुराचे रक्त म्हणजे सरोवराचे पाणी, त्याचे मांस म्हणजे खार. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर या विजयाचे. कथेची रचना लंकेसारखीच आहे: न गाठता येणारे घर असुराचे, आणि तिथे पोचण्याची कला देवाची. त्या देवाला ‘अवतार’ म्हणजे खाली आलेला म्हणायचे, आणि त्याच्या भक्तांनीही खालीच उतरायचे. झाकण उडवले म्हणजे जागा उघडी झाली, सर्वांना येण्याजोगी झाली. लोणारची पवित्रता दुर्गमतेतून आलेली नाही. दुर्गमता मोडल्यातून आलेली आहे, असे ही कथा उघड सांगते.

इतिहासातली साक्षही त्याच बाजूची. अकबराच्या काळात अबुल फझलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत मेहकर सरकारातल्या लोणारची नोंद आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, पितरांच्या उद्धारासाठी लोक इथे येतात, असे तो लिहितो; आणि त्याच दमात सरोवरातून काच, साबण आणि सोऱ्याचा माल निघतो, त्यावर चांगला महसूल मिळतो, हेही. डोंगरावर एक झरा आहे आणि सोमवारी अमावास्या आली की त्याचे पाणी सरोवरात जाऊन मिळते, ही लोकसमजूतही त्याने टिपली. तो झरा म्हणजे आज लोक ‘धार’ म्हणतात तो. मीठ खणणारे, पिंड देणारे आणि सारा वसूल करणारे एकाच वाटेने उतरत होते. विवराला निर्जन अरण्य म्हणणे हे आइल रॉयलला निर्जन म्हणण्याइतकेच अर्धे खरे.

सोमवती अमावास्येमुळे बुलढाण्याच्या भाविकाला एक खरे बेटही जोडले जाते. नर्मदेच्या पात्रातले मांधाता बेट म्हणजे ओंकारेश्वर. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात शेगावच्या गजानन महाराजांना भक्तमंडळी सोमवतीच्या पर्वणीला तिथे घेऊन जातात. परतताना रस्ता बैलगाड्यांनी फुललेला असतो, म्हणून नावेने जायचे ठरते. नाव खडकावर आपटून फुटते, पाणी आत शिरते, नावाडी उड्या टाकतात, भक्त गयावया करतात. महाराज मात्र भजनात. मग नाव सावरते आणि काठाला लागते, तेव्हा तिचे भोक हाताने दाबून धरणारी, ओल्या वस्त्रांतली एक कोळ्याची मुलगी दिसते. ती नर्मदा.

कथा चमत्काराची म्हणून ऐकली जाते. पण तिच्यात घडते कुठे काय, ते पाहावे. महाराजांनी सुरुवातीला जायलाच नकार दिला होता. इथल्या विहिरीतही नर्मदा आहे, असे त्यांचे म्हणणे. पर्वणी, देऊळ, स्नान हे सगळे निर्विघ्न पार पडते आणि ग्रंथ त्यावर फारसा रेंगाळत नाही. देव भेटतो तो बेटावर नव्हे, बेट आणि काठ यांच्या मध्ये, फुटक्या नावेत, आणि तोही देवळातल्या मूर्तीच्या नव्हे तर नावाड्यांच्या जातीतल्या मुलीच्या रूपात. तीर्थ म्हणजे ओलांडण्याची जागा, हा शब्दाचा मूळ अर्थ इथे पुन्हा जागा होतो. ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंगही असे दोन काठांवर विभागलेले आहे. बेटावर ओंकारेश्वर आणि दक्षिण तीरावर ममलेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात दोघांचा उच्चार एकत्र होतो. ज्याला नदी ओलांडता आली नाही त्याच्यासाठी देव अलीकडेही आहे. आज बेटावर पायी जाण्याचे पूल आहेत, तरी घाटावर नावा उभ्या असतात आणि पुष्कळ जण मुद्दाम नावेने जातात.

दुर्गम जागा साधनेसाठी हवी असे म्हणणारी परंपरा मात्र आहे, आणि तिचाही धागा लोणारातून जातो. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारातल्या मुक्कामाच्या लीळा आहेत. यादव राजा कान्हरदेव त्यांच्या दर्शनाला तिथे आला. स्वामींची अनुयायांना आज्ञा अशी की मुलखाच्या टोकाला जावे, जिथे कुणी ओळखत नाही तिथे झाडाखाली आयुष्य काढावे. पण हीसुद्धा जागेची पूजा नव्हे. टोकाच्या मुलखात देव जास्त आहे असे चक्रधर म्हणत नाहीत. तिथे मानसन्मान कमी आहे, म्हणून तिथे जायचे. दूर जायचे ते गर्दीपासून नव्हे, गर्दीत मिळणाऱ्या मोठेपणापासून. मत्स्यपुराणाचा तोऱ्यावरचा राग आणि ही आज्ञा एकाच जातीची आहेत.

दुर्गमतेचा सगळा गौरव ज्या एका उदाहरणाने उतरतो ते याच जिल्ह्यातले आहे. परंपरेनुसार संत चोखामेळ्याचा जन्म देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचा. चोखोबांसाठी पंढरपूर दूर नव्हते. ते तिथे राहिले, चंद्रभागेच्या वाळवंटात नाचले. त्यांना गाठता आला नाही तो महाद्वार ते गाभारा एवढाच टप्पा, काही पावलांचा. त्या पायरीपलीकडचा विठोबा त्यांच्यासाठी कोणत्याही बेटाहून दुर्गम होता, आणि तिथे नाव चालत नव्हती. मंगळवेढ्यात तट कोसळून त्यांचा अंत झाला. अस्थी आणून नामदेवांनी महाद्वारासमोर समाधी दिली. ती पायरी सर्वांना ओलांडता येण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. खडकपूर्णेच्या धरणाचे पाणी आता चोखोबांच्या नावाने संत चोखासागर म्हणून ओळखले जाते. देवाभोवती पाणी असेल तर नावाडी मिळतो. माणसांनी आखलेल्या रेघेला नावाडी नसतो, आणि तीर्थाच्या दुर्गमतेचे गोडवे गाणाऱ्या लेखणीने दुर्गमता कुणी घातली हे आधी विचारायला हवे.

असे असले तरी आज लोणारात नवी कुंपणे आहेत, आणि ती वेगळ्या जातीची आहेत. २००० साली विवर अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये ते रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेले, महाराष्ट्रातले दुसरे. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि आतून काडीही नेता येत नाही. हे ऐकून कोकणातल्या माणसाला देवराई आठवेल, जिथले वाळके लाकूडही देवाचे. फरक इतकाच की देवराईत मालक देव असतो आणि अभयारण्यात सरकार. उल्लंघन करणाऱ्याला एकीकडे कोप, दुसरीकडे दंड. आइल रॉयलच्या कायद्याला माणूस पाहुणा हवा आहे. लोणारात ही भाषा तशीच्या तशी बसत नाही, कारण इथे नवरात्रात कमळजेची ओटी भरायला उतरणारी बाई स्वतःला पाहुणी समजत नाही. तिच्या लेखी ती माहेरी आली आहे. आणि तरी तिच्या हातातली प्लास्टिकची पिशवी सरोवराला परकी आहेच. चढ-उतार पायी करणे, काही न टाकणे, काही न उचलणे, सूर्यास्ताआधी वर येणे, हे वनखात्याचे नियम एखाद्या जुन्या माहात्म्यात यात्रेचे नेम म्हणून सहज खपले असते. कुणाला रोखायचे यावर पंढरपूरच्या पायरीचा भर होता. कसे वागायचे यावर या नेमांचा आहे. दोन्हीला ‘मर्यादा’ हाच शब्द वापरला जातो, यात मराठीचा दोष नाही.

जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत सरोवर गुलाबी झाले. राज्यातली देवळे मार्चपासून बंद होती आणि रोजची वर्दळ थांबलेली होती. कुणी कोपाचे लक्षण म्हटले, कुणी माणसे हटल्यामुळे निसर्गाने घेतलेला मोकळा श्वास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी घटून खारटपणा वाढला होता आणि खारात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव फोफावले होते. पुढे पावसाचे पाणी मिसळले तसा रंग विरत गेला. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळे उघडली.